लष्कराच्या भाकऱ्या

फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपल्या मनात सहसा दोन शंका असतात. एक तर ती टाकाऊ असणार, नाही तर देणाऱ्याचा त्यात काही तरी डाव असणार. वारीच्या वाटेवरचे अन्नछत्र किंवा चौकातली पाणपोई याला अपवाद, कारण तिथे वाढणारा हात आपल्याला दिसतो. ज्याचा हात दिसत नाही त्याने दिलेले आपण घेतो, वापरतो आणि विसरून जातो. बिघडले की मात्र पहिले वाक्य तोंडात येते, ‘फुकटचं होतं ना, मग असंच व्हायचं!’

हे वाक्य मी आमच्या वाचनालयाच्या बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ज्या वस्तूबद्दल ते उच्चारले गेले तिचे नाव हायबरनेट. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. पण जावा या संगणकभाषेत काम करणाऱ्यांना ते स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याइतके ओळखीचे आहे. बँका, विमा कंपन्या, कचेऱ्या यांच्या जावात लिहिलेल्या असंख्य प्रणालींच्या पोटात ते जगभर काम करीत असते. ते विकत घ्यावे लागत नाही. त्याचा आतला सगळा मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमची ओळ न् ओळ, कोणालाही वाचायला, बदलायला आणि वापरायला खुली आहे.

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. पत्रकारितेची पदविका घेऊन लेखणीवर पोट भरणारी बाई. तरीही या हायबरनेटशी माझी गाठ पडली, आणि फुकट या शब्दाकडे पाहण्याची माझी दृष्टी तेव्हापासून बदलली.

गौरींची पेटी

आधी हे हायबरनेट करते काय ते सांगायला हवे. त्यासाठी गौरींचे उदाहरण घेऊ.

तीन दिवस गौरी घरात उभ्या असतात. मुखवटा, साडी, दागिने, गजरा, हातातला शेला, सगळे मिळून ती एक सगळी गौर असते. विसर्जनानंतर मात्र तिला तशीच उभी ठेवता येत नाही. मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत जातात, साड्या कपाटात, दागिने डब्यात, लोखंडी स्टँड माळ्यावर. प्रत्येक वस्तू आपापल्या जातीच्या वस्तूंबरोबर जाऊन बसते. पुढच्या वर्षी पुन्हा थोरली थोरलीसारखी आणि धाकटी धाकटीसारखीच उभी राहायला हवी, म्हणून घरातली जाणती बाई पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून ठेवते. कोणाची नथ कुठल्या डबीत, कोणाची साडी कुठल्या खणात, सगळे त्यावर असते.

जावा भाषेतला प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा त्याच्या डोक्यात अशाच सगळ्या वस्तू उभ्या असतात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. उदाहरणार्थ, वाचनालयाचा एक सभासद: त्याचे नाव, पत्ता, वर्गणी, त्याने नेलेली पुस्तके, सगळे एकत्र. पण वीज गेली की हे सगळे नाहीसे होते. ते टिकवायचे तर कपाटात ठेवावे लागते, आणि संगणकाची कपाटे बहुधा तक्त्यांची असतात. माहिती अशी तक्त्यांत मांडण्याची कल्पना आयबीएम कंपनीतले एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. जावा भाषा आली १९९५ साली. एकीची शिस्त वेगळी, दुसरीची वेगळी. उभी गौर सुटी करून तक्त्यांत ठेवायची आणि मागितली की पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, हे काम प्रत्येक प्रोग्रॅमरला हाताने लिहावे लागे आणि त्यात चुकाही होत.

हायबरनेट हे त्या पेटीच्या झाकणावरच्या कागदाचे काम करते. कुठली वस्तू कुठल्या तक्त्यात, एवढे त्याला एकदा सांगितले की ठेवणे-काढणे ते पाहते. हायबरनेट म्हणजे शीतनिद्रा घेणे. हिवाळ्यात अस्वल झोपते आणि उन्हाळ्यात तेच अस्वल उठते, तशा या वस्तू झोपतात आणि उठतात. अशा तयार भागांच्या संचाला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. घरी चकलीची भाजणी आधीच दळून आणलेली असावी, तसा हा प्रकार. ‘वाचनालयासाठी लायब्ररी’ हा विनोद आमच्याकडे पुढे बराच काळ चालला.

ही भाजणी दळली कोणी? एंटिटी बीन्स नावाची जी पद्धत तेव्हा जावाच्या जगात अधिकृत मानली जाई, ती इतकी अवजड होती की साध्या कामालाही रग्गड मजकूर लिहावा लागे. तिला कंटाळून २००१ साली गॅविन किंग या प्रोग्रॅमरने सहकाऱ्यांच्या मदतीने हायबरनेट सुरू केले आणि ते सर्वांना खुले केले. लोक वापरू लागले, चुका कळवू लागले, काही जण दुरुस्त्याही पाठवू लागले. पुढे जेबॉस या कंपनीने त्याच्या प्रमुख कर्त्यांना नोकरीवर घेतले, आणि २००६ साली जेबॉसच रेड हॅट कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी जावाच्या जगाने या कामासाठी जेपीए नावाचे प्रमाण ठरवले. त्यावर हायबरनेटच्या अनुभवाचा मोठा ठसा होता. म्हणजे एका वैतागातून निघालेली वाट पाच वर्षांत हमरस्ता झाली! काही जणांना या कामाचा पगार मिळतो हे खरे. पण आलेल्या तक्रारी वाचणारे, त्या खऱ्या आहेत का ते पाहणारे, माहितीपुस्तिकेतली चूक सुधारून पाठवणारे अनेक जण आपापली नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात.

त्यातलीच एक आमच्या शेजारच्या विंगमध्ये राहते, हे मला २०१९ च्या जूनपर्यंत माहीत नव्हते.

प्रश्नचिन्हांचा आठवडा

आमचे वाचनालय ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरात, तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत आहे. सभासद तेव्हा ११४० होते. मी कार्यकारिणीत आहे आणि शनिवारी संध्याकाळी काउंटरवर बसते. एका सभासदाच्या मुलाने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून २०१२ साली वाचनालयासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. जावा, हायबरनेट आणि मायएसक्यूएल नावाची तक्त्यांची पेटी, तिन्ही वस्तू बिनपैशाच्या. मुलगा नोकरीला परदेशी गेला, प्रोग्रॅम मात्र सात वर्षे बिनतक्रार चालला.

त्या जूनमध्ये जुना संगणक कुरकुरू लागला म्हणून नवा घेतला. दुकानातल्या माणसाने माहिती पेनड्राइव्हवरून नव्या संगणकात आणली, जुना बदल्यात नेला आणि पेनड्राइव्हही पुसून दुसऱ्या कामाला लावला. सोमवारी वाचनालय उघडले तेव्हा पडद्यावर सभासदांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे होती. पत्त्यांच्या जागीही तीच.

आमच्या ग्रंथपाल बाई नव्या होत्या. मराठी फाँटचा गोंधळ आपल्याकडे इतका नित्याचा, की त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. सभासद क्रमांक नीट दिसत होते, पुस्तकांचे दाखल क्रमांक नीट दिसत होते. काम अडत नव्हते. त्यांनी दुकानात निरोप ठेवला आणि क्रमांकांवर पुस्तके देणे-घेणे चालू ठेवले. शनिवारी मी गेले तेव्हा सहा दिवस होऊन गेले होते.

त्या संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या एका काकू माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘अगं, हे आमच्या लेकीला दाखव. ती रात्री बारा-बारापर्यंत हेच तर करत असते. लष्कराच्या भाकऱ्या!’’

लेक दहा मिनिटांत खाली आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी. खुर्चीत न बसताच तिने विचारले, ‘‘ताई, या आठवड्यात पुस्तकं दिलीत का?’’

‘‘हो, रोजच्यासारखीच.’’

‘‘किती जणांना?’’

ग्रंथपाल बाईंनी मोजून सांगितले, २१४. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आधी काउंटर बंद करा. आता एकही पुस्तक द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही.’’

जे आले, त्यांची नावे गेली

तिने समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. तक्त्यांच्या पेटीत नावे शाबूत होती. पण पेटी आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या संवादाची लिपी नव्या संगणकावर चुकीची ठरली होती. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या, वेगळे काही सांगितले नाही, तर लॅटिन लिपी गृहीत धरत. त्या लिपीच्या पेटीला २५६ च खण, आणि त्यांतला एकही देवनागरीसाठी नाही. ज्या अक्षराला खण सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचे, असा नियम. जगातल्या सगळ्या लिप्यांना जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. जुन्या संगणकावर ती मुद्दाम निवडलेली होती, नव्यावर ती निवड कोणी केलीच नाही.

इथवर नुकसान फक्त दिसण्याचे होते. खरे नुकसान झाले ते पुढच्या पायरीवर. सभासद काउंटरवर आला की प्रोग्रॅम त्याची पूर्ण नोंद उचलतो, त्याच्याकडच्या पुस्तकांचा आकडा बदलतो आणि नोंद परत ठेवतो. हायबरनेट ती परत ठेवताना, वेगळे सांगितले नसेल तर, फक्त बदललेला आकडा नव्हे, सगळे रकाने पुन्हा लिहिते. आणि नावाच्या रकान्यात त्या क्षणी होती प्रश्नचिन्हे. ती खऱ्या नावावर लिहिली गेली. ती खोडून खालचे नाव काढण्याचा उपाय नाही, कारण खाली काही उरतच नाही.

म्हणजे जे सभासद त्या आठवड्यात फिरकले नाहीत त्यांची नावे सुखरूप होती, आणि जे आवडीने वाचायला आले त्यांचीच पुसली गेली. हे ऐकून ग्रंथपाल बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. शासनाचे अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली दप्तर चोख ठेवावे लागते. सभासदांची यादी हा त्या दप्तराचा कणा. पाचांतले जवळजवळ एक नाव नाहीसे झाले होते.

‘‘पण सगळे रकाने लिहायचेच कशाला?’’ मी जरा रागानेच विचारले.

‘‘त्याला कारण आहे,’’ ती म्हणाली. ‘‘प्रत्येक वेळी तेच वाक्य पाठवलं की ते एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरता येतं. दर वेळी नवं वाक्य जुळवत बसावं लागत नाही. फक्त बदललेलंच लिही, असंही सांगता येतं. एक शब्द घालायचा असतो. ते पुस्तिकेत लिहिलेलं आहे.’’

त्या रात्री तिने लिपीची निवड दुरुस्त केली. उरलेली ९२६ नावे पडद्यावर एकामागून एक देवनागरीत उमटली. मग तिने तो ‘एक शब्द’ही प्रोग्रॅममध्ये घातला. साडेअकराला काकूंनी वरून डबा पाठवला. तिने चकार शब्द न बोलता तो संपवला आणि पुन्हा कामाला लागली.

नाव काय आपले?

२१४ नावे मात्र माणसांनीच परत आणायची होती. कार्यकारिणीतले आम्ही सहा जण तीन संध्याकाळी कपाटे उपसत बसलो. सभासदत्वाचे मूळ अर्ज सापडतील तसे नावे भरत गेलो. १८७ सापडले. बाकीचे अर्ज २६ जुलै २००५ च्या पुराने नेले होते. तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा खालच्या खणातल्या कागदांचा लगदा झाला होता.

उरले २७. त्यांचे दूरध्वनी क्रमांक इंग्रजी आकड्यांत होते, म्हणून ते वाचले होते. मी फोन करायला बसले. ‘नमस्कार, वाचनालयातून बोलतेय, आपलं नाव काय?’ असे कोणी विचारले तर समोरचा माणूस काय समजेल याची कल्पना करा! दोघांनी रागाने फोन ठेवला. एका बाईंनी ‘पोलिसात देईन’ म्हणून दम भरला. तरी १९ नावे मिळाली. आठ क्रमांक बंद होते.

त्यांची वाट पाहणे एवढेच हाती होते. पुढच्या महिन्याभरात त्यातले सात जण पुस्तक बदलायला आले. एका आजोबांना मी नाव विचारले तेव्हा ते काठी टेकून उभेच राहिले. ‘‘अठ्ठ्याहत्तर सालापासून येतोय मी इथे, आणि आज मला नाव विचारता?’’ मी सगळा प्रकार सांगितला. त्यांना तो कितपत कळला कोण जाणे. त्यांनी माझ्या हातातला अर्ज घेतला आणि त्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वर मूळ गाव असे सगळे ठळक अक्षरांत लिहून दिले. ‘‘आता पुसू नका,’’ म्हणाले.

आठवा सभासद आला नाही. त्याने नेलेले पुस्तक दिवाळीनंतर कोणी तरी काउंटरवर ठेवून गेले. त्याच्या पावतीवर नुसता क्रमांक आहे. आमच्या यादीत त्या क्रमांकापुढे आजही प्रश्नचिन्हेच आहेत, आणि ती काढून टाकावी असे कोणालाच वाटत नाही.

फुकटचे आणि मोकळे

त्यानंतरच्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी ते वाक्य उच्चारले, ‘‘फुकटचं सॉफ्टवेअर, असंच व्हायचं. विकतचं घेऊ.’’ भाव चांगलाच होता. सभासदांचे नुकसान पुन्हा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. मलाही त्यांचे म्हणणे प्रथम पटल्यासारखे झाले.

पण मग मी मनाशी हिशेब मांडला. बिघाड हायबरनेटमध्ये नव्हता, तो नव्या संगणकाच्या मांडणीत होता. विकतच्या प्रणालीलाही तीच मांडणी नडली असती. आणि तो सापडला एका संध्याकाळी, कारण आमच्या प्रोग्रॅमचा आणि त्याखालच्या लायब्ररीचा सगळा मजकूर उघडा होता. तो आधी वाचलेली मुलगी शेजारी होती हा योगायोग, पण मजकूर वाचायला मिळतो हा काही योगायोग नाही. बंद पेटीचा प्रोग्रॅम असता तर आम्ही कंपनीच्या माणसाची वाट पाहत काउंटर चालू ठेवले असते, आणि नावे पुसली जात राहिली असती. मी हे बैठकीत सांगितले. अध्यक्ष म्हणाले, ‘‘मग त्या मुलीला मानधन देऊ.’’

तिने ते घेतले नाही. तिने तीन गोष्टी मागितल्या. दर शनिवारी सगळ्या माहितीची प्रत निघाली पाहिजे आणि ती वाचनालयाबाहेर राहिली पाहिजे. त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करता येते का, हे वर्षातून एकदा करून पाहिले पाहिजे. आणि तिसरी गोष्ट माझ्याकडे पाहत, ‘‘ताई, हे सगळं कसं घडलं ते तुम्ही लिहून काढा. क्रमाने. मत नको, घडलेलंच.’’

ते लिहिताना मला जाणवले की हे तर माझेच काम. पदविकेच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला सहा ककार घोटवून घेतले होते: कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. बिघाडाची तक्रारही अशीच लिहायची असते. ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ असे लिहिणाऱ्याला मदत करणे कठीण. कुठली आवृत्ती, आधी काय केले, मग काय दिसले, काय दिसायला हवे होते, एवढे सांगितले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे तो बिघाड दाखवणारा छोटासा नमुना. हायबरनेटवाल्यांनी तर त्यासाठी तयार साचाच ठेवला आहे. त्यात आपली अडचण बसवून पाठवायची. बसवता बसवता पुष्कळदा आपलीच गफलत सापडते आणि पाठवायची गरजच उरत नाही.

ती रात्री बारापर्यंत करते काय, तेही मग मला कळले. आलेल्या तक्रारी घ्यायच्या, त्या आपल्या संगणकावर घडवून पाहायच्या, घडल्या तर नमुना करून दुरुस्ती करणाऱ्यांकडे सोपवायच्या. त्यात नवशिक्यांच्या अडचणी पुष्कळ. एक नेहमीची: माळ्यावरून पेटी न आणता नुसती चिठ्ठी आणायची, शिडी काढून घ्यायची, आणि मग पेटीतली वस्तू मागायची. वेळ वाचावा म्हणून हायबरनेट काही गोष्टी लागतील तेव्हाच आणते. पण शिडी, म्हणजे तक्त्यांशी जोडलेले सत्र, बंद झाले असेल तर आणणार कुठून? दुसरी: शंभर पणत्या हव्यात म्हणून शंभर वेळा शिडी चढायची, एका टोपलीत सगळ्या आणायच्या नाहीत. ‘‘दोन्हींची उत्तरं पुस्तिकेत आहेत,’’ ती हसून म्हणाली, ‘‘पण पुस्तिका वाचायला धीर लागतो. तेवढा धीर मी द्यायचा.’’

रात्रीचा हिशेब

काकूंना हे सगळे पटत नसे. ‘‘पैसे मिळतात का याचे?’’ त्या विचारीत. ‘‘नाही. मग बढती मिळते का? तीही नाही. डोळे मात्र जातात.’’ आईची काळजी खोटी कशी म्हणावी? दिवसभर नोकरी, येताजाता लोकल, वर हे. कधी कधी दूरदेशीचा कोणी तरी उद्धटपणे लिही, जणू ही त्याची पगारी नोकर. एकदा तिने मला असाच एक मजकूर दाखवला. लिहिणारा मोठ्या कंपनीतला होता आणि त्याचे काम अडले होते, एवढे त्यावरून कळत होते. आभाराचा शब्द नव्हता. ‘‘याचं काम झालं की हा पुन्हा दिसणार नाही,’’ ती म्हणाली. तरी तिने उत्तर लिहिले.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगावर मोठे संकट आले. लॉग४जे नावाची अशीच एक बिनपैशाची लायब्ररी. प्रोग्रॅममध्ये काय काय घडले याची रोजनिशी लिहिणे हे तिचे काम. तिच्यात असा दोष सापडला की बाहेरचा माणूस दुरून संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या, आणि तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की हे काम सांभाळणारे मूठभर लोक स्वयंसेवक आहेत, नोकऱ्या करून उरलेल्या वेळात राबणारे. ते रात्रंदिवस दुरुस्त्या करीत होते आणि वर शिव्याही खात होते.

हे हायबरनेटचे संकट नव्हते. पण आमच्या शेजारणीच्या कंपनीतल्या प्रणालींना ते लागू होते. ती सलग तीन रात्री ऑफिसात होती. परत आली तेव्हा जिन्यात भेटली. म्हणाली, ‘‘ताई, आम्ही वर्षानुवर्षं हे वापरतोय. आमच्यातल्या एकानेही त्या लोकांना आजवर एक ओळ पाठवली नव्हती. परवा सगळ्यांनी एकदम विचारलं, कधी होणार?’’ त्यानंतर तीन-चार महिने तिने रात्रीचे काम बंद ठेवले. मला वाटले, संपले. काकूंनाही तसेच वाटले, आणि गंमत म्हणजे त्यांना ते फारसे रुचले नाही. ‘‘घर सुनंसुनं वाटतं गं,’’ असे त्या मला म्हणाल्या.

तिला परत कशाने आणले हे तिने मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मात्र आता ती ठरलेले दोनच दिवस बसते आणि दहा वाजता उठते. तिच्याबरोबर आमच्या वाचनालयाच्या मधल्या खोलीत कॉलेजातली दोन मुले बसतात. ती तक्रारी वाचायला शिकताहेत. ‘एकटीने ओझं घेतलं की एकटीच दमते,’ हे तिचे त्यांना पहिले सांगणे. हायबरनेटही पुढे सरकले आहे. २०२५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ते पूर्वीपेक्षाही कमी अटी असलेल्या अपाचे परवान्याखाली मिळते. मायएसक्यूएलच्या २०१८ पासूनच्या नव्या आवृत्त्यांनी सर्व लिप्यांना जागा देणारी निवडच मुळात गृहीत धरली आहे. पण जुने संगणक वापरणाऱ्या लहान संस्था आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून मी लिहिलेल्या त्या टिपणाच्या प्रती आम्ही ओळखीच्या वाचनालयांना वाटल्या. त्यात ठळक अक्षरांत एवढेच आहे: नव्या संगणकावर नावे नीट दिसत नसतील तर आधी नोंदी करणे थांबवा, जुना संगणक सोडू नका आणि जाणत्या माणसाला बोलवा.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाला प्रोग्रॅम लिहिता येणार नाही, येण्याची गरजही नाही. पण घरातला मुलगा, मुलगी, सून किंवा जावई रात्री असे काही करीत बसलेला असेल तर ‘पैसे मिळतात का?’ याआधी ‘कोणासाठी करतोस?’ एवढे विचारून पाहा. तुम्ही एखाद्या कंपनीत निर्णय घेणारे असाल तर ज्या बिनपैशाच्या वस्तूवर तुमचा धंदा उभा आहे तिच्यासाठी तुमच्या माणसांच्या आठवड्यातले काही तास मोकळे करा. आणि काहीच जमले नाही तर काम झाल्यावर आभाराच्या दोन ओळी लिहा. त्या फार कमी जण लिहितात, असे ती सांगते.

गेल्या पावसाळ्यात मधल्या खोलीत ती तिघे बसली असता काकू खाली आल्या. हातात कांदाभज्यांचे ताट होते. मी सहज म्हटले, ‘‘काय काकू, लष्कराच्या भाकऱ्या अजून चालूच?’’

‘‘चालू दे,’’ काकू ताट ठेवत म्हणाल्या, ‘‘लष्करात आपणही जेवतोच की!’’